अंगठा वर ओढा

काही जड उचललं नव्हतं. ८ ऑगस्ट २०२३, मंगळवार, सकाळचे पावणेसात. आमटीला फोडणी घातली, खालच्या ट्रॉलीतून झाकण काढायला वाकले आणि मिरचीचा खकाणा नाकात गेला. वाकलेलीच होते, तसेच तीन-चार ठसके लागले. शेवटच्या ठसक्याला कमरेत काहीतरी कट्कन झालं. ओट्याची कड धरून मी तशीच उभी राहिले. खाली बसता येईना, ताठ होता येईना. हात पुढे करून गॅस बंद करणंही जमेना. फोडणी जळून घरभर धूर झाला तेव्हा बाकीचे उठले.

सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "उसण भरली." त्यावरचा उपाय म्हणजे पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते. आमच्या गल्लीत एक पायाळू गृहस्थ आहेत, विम्याचे एजंट. ते आले, फार संकोचून हळूच पाय लावला, चहा घेतला आणि जाताना माझी पॉलिसी कुठवर आलीय तेही विचारून गेले. उसण बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत आपली आपणच जाते, म्हणून या लाथेचा लौकिक अजून टिकून आहे. माझी गेली नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पट्टा दिला आणि आठ दिवस पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. मी आज्ञाधारकपणे आठ दिवस पडून राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं काढल्यावर कुणी 'पडून राहा' म्हटलं तर कोण नाही म्हणेल? आठव्या दिवशी कंबर खरंच हलकी वाटली. मी खूश झाले, पण दुखणं गेलं नव्हतं, खाली उतरलं होतं. डाव्या कुल्ल्यातून निघायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाने, पोटरीच्या कडेने, पावलाच्या वरच्या बाजूवर येऊन अंगठ्यात थांबायचं. इस्त्रीचा शॉक बसतो तसं. खोकलं की शॉक, शिंकलं की शॉक, खुर्चीत पाच मिनिटं बसलं की शॉक. आमचं संडासाचं भांडं भारतीय पद्धतीचं. तिथे बसणं अशक्य झालं तेव्हा मिस्टर सांगलीतून कमोडची खुर्ची घेऊन आले. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती खुर्ची बघून मी रडले. एमआरआयच्या रिपोर्टला रडले नाही, पण त्या खुर्चीला रडले.

मग सहा दिवस एका ठिकाणी 'फिजिओ' केलं. अवतरणात लिहिलं, कारण तिथे मी फक्त झोपून असायची आणि काम मशिन करायचं. दहा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, मग कमरेला पट्टे बांधून ट्रॅक्शनने ओढणं. तिथला मुलगा बटण दाबून मोबाइल बघत बसायचा. माझ्या पायाला कुणी हात लावला नाही. शेक छान वाटायचा, घरी येईपर्यंत पाय पुन्हा तसाच. त्या सहा दिवसांनी मी ठाम मत करून टाकलं होतं, की फिजिओचा काही उपयोग नसतो. नंतर कितीतरी जणांनी मला हेच ऐकवलं, "फिजिओ करून बघितलं हो, फरक नाही." विचारलं काय केलं, तर शेक आणि करंट.

एमआरआय झाला. एल४-एल५ या दोन मणक्यांमधली गादी डाव्या बाजूला फुटून बाहेर आली होती आणि डाव्या एल५ नसेच्या मुळावर दाब होता. त्याखाली आणखी सहा-सात ओळी: डिस्क म्हणजे ती गादी सुकलीय, खालच्या गादीला फुगवटा आहे, सांधे झिजलेत. वाचून वाटलं, आपली कंबर म्हणजे पडायला आलेला वाडा. माझा भाचा एमबीबीएसला आहे. तो म्हणाला, "मावशी, त्या बाकीच्या ओळी सोडून दे." मग त्याने २०१५ सालचा एक आढावा दाखवला. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या स्कॅनचा तो होता. चाळिशीतल्या शंभरातल्या ६८ जणांच्या गाद्या झिजलेल्या आणि ५० जणांच्या फुगलेल्या निघाल्या होत्या. ही माणसं सुखाने झोपतात, मुलं खांद्यावर घेतात, त्यांना पत्ताही नसतो. "पण पहिली ओळ सोडून द्यायची नाही," हेही त्यानेच सांगितलं. नस दबली होती हे खरंच होतं.

पहिल्या सर्जनने फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "करून टाका. उशीर केला तर पाय जाईल." चार मिनिटं. मी खुर्चीतच होते, चपलाही काढल्या नव्हत्या. बाहेर काउंटरवर खर्चाचा कागद तयार: १ लाख ४० हजार, पण 'कॅशलेस होईल, काळजी नको'. मिस्टरांच्या कारखान्याचा ग्रुप विमा आहे. मी विचारलं, फिजिओथेरपीचे पैसे मिळतील का? काउंटरवरच्या मुलीला माझी दया आली असावी. ॲडमिट झालात तर मिळेल, ऑपरेशननंतरच्या साठ दिवसांतलं फिजिओही मिळेल. नुसतं फिजिओ? नाही मॅडम, ते ओपीडी झालं. म्हणजे कंबर कापून घेतली तर दीड लाख मिळणार आणि व्यायाम केला तर दर खेपेला चारशे रुपये आपल्या पर्समधून. लोक घाईघाईने ऑपरेशन का करून घेतात असं कुणी विचारलं, तर मी त्यांना आधी त्या काउंटरवर पाठवीन.

दुसरं मत घ्यायला मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. वान्लेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून सव्वाशे वर्षं इथे कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात, आणि रिक्षावाला तुमच्या चालण्यावरून कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते ओळखतो. आम्ही गेलो ते सर्जन वयस्क. त्यांनी फिल्म बघितलीच नाही आधी. पहिला प्रश्न, "लघवी नीट होते? अडतेय, कळत नाहीय, असं काही?" मी शरमले. दुसरा, "सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर वाटतो का?" नाही म्हटलं. "यातलं काही झालं, किंवा दोन्ही पायांची ताकद गेली, तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा. माझा नाही तर जो जवळ असेल तो. तिथे विचार करत बसायचं नाही."

मग टेबलावर झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. उजवा छान नव्वदला गेला होता, डावा पस्तीस अंशावर आला आणि मी ओरडले. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. शेवटी माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर आपलं एकेक बोट ठेवलं. "अंगठा वर ओढा. मी खाली दाबणार, तुम्ही दाबू द्यायचा नाही."

उजवा अंगठा खिळ्यासारखा राहिला. डावा जरा वेळ राहिला आणि मग हळूच वाकला. मी जोर लावत होते, तो ऐकत नव्हता. "पाचापैकी चार," ते म्हणाले. आयुष्यभर पोरांना मार्क दिले, अंगठ्यालाही मार्क असतात हे तेव्हा कळलं.

"दुखणं किती आहे ते तुम्ही मला सांगाल," ते म्हणाले, "पण ताकद किती आहे ते तुम्हाला कळणार नाही, ती मोजावी लागते. चार आहे तोवर सहा आठवडे थांबू. दर आठवड्याला येऊन अंगठा दाखवायचा. तीन झाला तर थांबायचं नाही."

ऑपरेशनबद्दलही त्यांनी सरळ सांगितलं. इंचभर चीर, मायक्रोस्कोपमधून बघत नसेवर आलेला तुकडा काढायचा, दुसऱ्या दिवशी चालायला लागायचं. पायाचं दुखणं बहुतेकांचं लगेच कमी होतं. कमरेचं जाईल याची हमी नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी तिथेच पुन्हा बाहेर येते. न केलं तर? गादी म्हणजे करंजी समजा, म्हणाले. कड उलली आणि सारण बाहेर आलं. बाहेर आलेलं सारण शरीराला परकं वाटतं, ते त्याला हळूहळू खाऊन टाकतं. आणि नुसत्या फुगवट्यापेक्षा असं फुटून बाहेर आलेलं जास्त विरतं. फिल्मवर जे सगळ्यात भयंकर दिसत होतं तेच विरून जाण्याची शक्यता जास्त, हे पटायला मला दोन दिवस लागले.

घरी येऊन मी शिक्षकी सवयीने वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे ऑपरेशन, उजवीकडे व्यायाम. फायदे, तोटे, खर्च, रजा. रात्री साडेअकरापर्यंत भरत बसले, म्हणजे उभी राहिले, बसता येत नव्हतं. फ्रिजवर वही ठेवून लिहीत होते. त्यातून काही निघालं नाही. एका रकान्यात रुपये, दुसऱ्यात दिवस, मध्येच 'भूल दिल्यावर उठले नाही तर'. याची बेरीज कशी करणार? उपयोग झाला तो भाच्याने पाठवलेल्या एका डच अभ्यासाचा, २००७ सालचा. दीड-तीन महिने सायटिकाने, म्हणजे माझ्यासारख्याच पायात उतरलेल्या दुखण्याने, पिडलेले २८३ लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबायला सांगितलं आणि लागलंच तर ऑपरेशन. लवकर कापलेल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला, हे स्पष्ट होतं. वर्षाने बघितलं तर दोन्ही गटांत शंभरातले ९५ बरे. पण थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं होतं. हा ३९ चा आकडा व्यायामवाले सांगत नाहीत आणि ९५ चा आकडा कापणारे सांगत नाहीत. मला त्यातून एवढंच समजलं की सहा आठवडे थांबले तर मी काही कायमचं गमावत नाही, फक्त अंगठा चारवर राहिला पाहिजे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी अंगठ्याची परीक्षा. मी पलंगावर उताणी, मिस्टर पायथ्याशी, दोन्ही अंगठे हातात धरून. सासूबाई पहिल्या दिवशी दारातून बघून परत गेल्या आणि स्वयंपाकघरातून ऐकू येईल असं म्हणाल्या, "आता हेच बघायचं राहिलं होतं, नवऱ्यानं बायकोचे पाय धरलेले." चौथ्या दिवसापासून त्याच विचारायला लागल्या, "धरला का अंगठा?"

सर्जननी पाठवलेली फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीतली मुलगी. तिच्या खोलीत दोन मशिनं होती, दोन्हींवर टॉवेल वाळत घातलेले. तिने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. वाकल्यावर वाढतं? बसल्यावर? चालल्यावर? सकाळी जास्त की संध्याकाळी? मग म्हणाली, "पालथ्या झोपा." दोन मिनिटं. मग कोपरांवर या. मग हात सरळ करून छाती वर, कंबर टेबलाला सैल सोडून. भुजंगासनासारखं, पण कमरेचा जोर न लावता. असं दहा वेळा. कंबर भयंकर दुखायला लागली. मी म्हटलं, वाढलं की हो. ती म्हणाली, "पाय सांगा." पाय? अंगठ्यातला शॉक गेला होता. पोटरीपर्यंत आला होता.

"दुखणं वर सरकलं तर कंबर जास्त दुखली तरी चालेल. खाली सरकलं तर लगेच थांबायचं." सगळा नियम एवढाच. हे सापडलं कसं, तेही तिने सांगितलं. न्यूझीलंडमध्ये १९५६ साली मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक पेशंट आला. त्याला टेबलावर पालथं झोपायला सांगून मॅकेन्झी दुसरीकडे अडकले. टेबलाची एक बाजू आधीच्या पेशंटसाठी उचललेली होती; हा बाबा तसाच कमरेतून मागे वाकून पडून राहिला. मॅकेन्झी परत आले तेव्हा घाबरले, आणि पेशंट म्हणाला, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच पायाला बरं वाटतंय. प्रत्येकाला मागे वाकून बरं वाटतं असं नाही, हेही तिने लगेच जोडलं. काहींना त्याने वाढतं, म्हणून आधी तपासायचं.

दर दोन तासांनी दहा वेळा. वहीत मी पायाची आकृती काढली, विज्ञानाच्या पुस्तकात असते तशी, आणि रोज रात्री दुखणं जिथे थांबलं तिथे लाल पेनाने फुली. पहिल्या आठवड्यात फुल्या अंगठ्याशी, मग घोट्याशी, मग पोटरीवर. सोबतीला मज्जातंतूंच्या गोळ्या होत्या, त्यांनी अशी गुंगी यायची की समोर दूध उतू गेलं तरी मी बघत उभी.

तिथेच आबांची ओळख झाली. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, अठ्ठावन्नच्या आसपास. त्यांचाही डावा पाय, त्यांचीही एल४-एल५. आमचं टेबल शेजारीशेजारी. ते घरात कुणाचं ऐकणारे नव्हते. "ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीया, कशाचं ऑपरेशन घिऊन बसलाय," हे त्यांचं उत्तर. मधले दहा-बारा दिवस ते आलेच नाहीत, बागेत होते. मग एका सोमवारी आले ते हसत. "बाई, माझं दुखायचं निम्म्यानं कमी झालं बघा." मला हेवा वाटला. माझी फुली तेव्हा पोटरीवर अडली होती.

ते टेबलाकडे आले आणि डाव्या पायातली चप्पल दारातच राहिली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. एक पाय चपलेत, एक अनवाणी, असे चार पावलं चालले. मुलीने चपलेकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "आबा, पाऊल वर उचला बघू." अंगठा हललाच नाही, पाऊल अर्धवट उठलं आणि पडलं. "चप्पल कधीपासून निसटते?" "आठ दिस झालं असंल. सैल झालीया."

"आज व्यायाम नाही," ती म्हणाली. त्यांच्यासमोरच तिने सर्जनना फोन लावला. आबा वाद घालत होते, दुखणं कमी झालंय की, मग कशाला? ती शांतपणे म्हणाली, नस बरी झाली म्हणूनच दुखणं कमी होतं असं नाही, नस थकली तरी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं. सहा दिवस मला मशिनखाली झोपवणाऱ्याने ती चप्पल पाहिली असती का, हा विचार त्या रात्री झोपू देईना. मिस्टरांना उठवून मी अंगठा पुन्हा मोजायला लावला. चार.

गौरी आल्या २१ सप्टेंबरला. मी ठरवलं होतं की काही करायचं नाही. पण घरात गौरी आणि आपण पालथं पडून राहायचं, हे कुणाला जमतं? पुरणपोळीला मी ओट्याशी उभीच राहिले, तिथे शहाणपणा दाखवला. पण आरास मांडायला जमिनीवर बसले, पुढे वाकून, अर्धा-पाऊण तास. रात्री फुली थेट अंगठ्यावर. पहाटे तीनला मी मिस्टरांना म्हटलं, उद्याच्या उद्या कापून टाकू दे. एक महिना फुकट गेला. त्या क्षणी कुणी कागद पुढे केला असता तर सही केली असती, अभ्यास आणि आकडे गेले खड्ड्यात.

सर्जननी अंगठा बघितला. चारच. "दुखणं वाढलंय, ताकद नाही घटली," म्हणाले, आणि मधला मार्ग सुचवला: एक्स-रे मशिनखाली बघत नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन. याने तुकडा जात नाही, सूज बसते, झोप लागते, व्यायाम करता येतो. ते घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाय थंड पडत गेला. आता कुणी विचारतं, तुला बरं कशाने वाटलं? व्यायामाने, सुईने, की नुसत्या दिवसांनी? मला खरंच वेगळं काढता येत नाही. व्यायामाचं श्रेय मी जरा जास्त देते, कारण ते मी केलं, बाकीचं झालं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा आठवडे पुरे झाले. पाय सत्तर अंशांपर्यंत गेला. अंगठा पाचापैकी 'पाचला जरा कमी'. ऑपरेशनचा विषय निघालाच नाही. त्यांनी फाइल मिटली आणि चालणं वाढवायला सांगितलं. फिजिओला बावीस वेळा गेले, ८,८०० रुपये, सगळे पर्समधले. दिवाळीनंतर शाळेत रुजू झाले. स्कूटर मात्र जानेवारीपर्यंत नाही. अठरा किलोमीटरच्या रस्त्यात एकवीस स्पीडब्रेकर आहेत, एसटीतून मोजलेत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली जागा अजून बधिर आहे, तिथे मुंगी चढली तरी कळत नाही.

डिसेंबरात पुढचे व्यायाम शिकायला पुन्हा मिरजेला जात होते, तेव्हा एकदा आबा भेटले. दोघंही जमिनीवर सतरंजीवर, गुडघे-हातांवर ओणवे, एक हात पुढे आणि उलटा पाय मागे ताणून. ऑपरेशन झालेल्याला आणि न झालेल्याला तीच मुलगी तेच शिकवत होती. आबांचं पोट थरथरत होतं. "छाटणी पोरानं केली," ते मान खाली घालूनच म्हणाले. "माझ्यापरीस बरी केली, पर त्याला सांगितलं न्हाई अजून."

निघताना त्यांनी पायात मागे पट्टा असलेले सँडल घातले. मुलगी म्हणाली, पट्टा अजून तीन महिने. ते कठड्याला धरून जिना उतरायला लागले आणि मी वर उभी राहून ऐकत होते. एक पाऊल नीट टेकत होतं, एक जरासं आपटत होतं.